मोळी किती दिवसांनी उचलायची?

"भाऊ, ह्यात गॅप कुठंय ते दाव बरं."

बीड जिल्ह्यातल्या पालीत आमच्या ओट्यावर बसून मावशींनी एमआरआयची फिल्म उन्हाकडं धरली आणि मला विचारलं. मावशी पलीकडच्या गल्लीतल्या. वय पंचेचाळीसच्या आतबाहेर, त्यातले वीसेक हंगाम उसाच्या फडात गेलेले. डोक्यावर चुंबळ बसते त्या जागी केस विरळ झालेत. प्लास्टिकच्या पिशवीत ती फिल्म, दोन पानी इंग्रजी रिपोर्ट, गोळ्यांची चिठ्ठी आणि कमरेचा एक नवा कोरा पट्टा. तपासणीचे पैसे टोळीच्या मुकादमाकडून आणले होते, म्हणजे ते पुढच्या हंगामाच्या उचलीत, आगाऊ रकमेत, धरले जाणार. एका दवाखान्यात त्यांना तीन मिनिटांत सांगितलं होतं: मणक्यात गॅप पडलाय, ऑपरेशन करावं लागेल. आणि रिपोर्टाच्या खाली ठसठशीत सल्ला: जड उचलू नये.

मी फिल्म निरखून पाहिली. गॅप होता. तुमच्या मणक्यात आहे, माझ्या मणक्यात आहे, सांगणाऱ्या डॉक्टरच्याही मणक्यात आहे. दोन मणक्यांच्या मधे गादी असते. एमआरआयमध्ये गादी दिसते, पण साध्या एक्स-रेत हाड उमटतं, गादी उमटत नाही, म्हणून तिथं मोकळी जागा दिसते. गादी झिजली की ती जागा कमी होते. म्हणजे धडधाकट पाठीत गॅप जास्त आणि झिजलेल्या पाठीत कमी. सगळा मराठवाडा मात्र "गॅप पडला" म्हणून हाय खातो! हा शब्द फडातून आलेला नाही, तो डॉक्टरच्या खुर्चीवरून खाली आलाय. 'आंतरकशेरुकीय चकतीचा वयोमानपरत्वे अपकर्ष' असं खरं सांगितलं तर माणूस "बरं" म्हणून घरी जाईल. गॅप म्हटलं की तो बुजवायला हवा, आणि बुजवायला माणूस टेबलावर चढतो. ही भाषेची चूक नाही. हा धंदा आहे.

पण मला दवाखान्यापेक्षा जास्त राग आहे तो दवाखान्याच्या डोक्यावर छत्र धरणाऱ्या संशोधनाचा. मणक्याच्या शस्त्रक्रियेवरचं संशोधन म्हणजे केवढा थाट! परिषदा, पदकं, रंगीत स्लाइडा, टाय लावलेले वक्ते. आणि त्या संशोधनानंच गेल्या तीस वर्षांत काय सिद्ध केलंय ते बघा.

१९९४ साली अमेरिकेत पाठ न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले. ५२ टक्क्यांच्या पाठीत निदान एक गादी फुगलेली निघाली. सगळ्या गाद्या जिथल्या तिथं असलेली माणसं भरली फक्त ३६ टक्के. २०१५ साली असेच अभ्यास गोळा करून ३,११० बिनदुखण्याच्या माणसांचा हिशेब मांडला. विशीतल्या ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. कशाचाच त्रास नाही, आणि फिल्म मात्र आजाऱ्याची. २०१७ साली तर कमालच झाली. पायात कळ येणारी ६३ वर्षांची एक बाई तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांत पाठवली. बाई तीच, कंबर तीच. दहा रिपोर्टांत मिळून ४९ दोष लिहिलेले, आणि दहाच्या दहा रिपोर्टांत आढळणारा दोष एकही नाही. एकही नाही! एवढं छापून आल्यावर, फिल्मकडं बघून तीन मिनिटांत ऑपरेशन सांगणाऱ्याला कोणत्या तोंडानं शास्त्रज्ञ म्हणायचं? कुडमुड्या जोशी निदान तळहात तरी धरतो. मावशींच्या कमरेला त्या दिवशी कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

हाडं ठिसूळ होऊन मोडलेल्या मणक्यात सिमेंट भरायची टूम निघाली होती. हजारो लोकांच्या मणक्यात भरून झालं, आणि मग २००९ साली दोन चाचण्या एकाच नियतकालिकात आल्या. अर्ध्या रुग्णांना खरं सिमेंट, अर्ध्यांना नुसती सुई टोचून नाटक. एका चाचणीत तर खोलीत सिमेंटचा वास सुटावा म्हणून रसायनाची कुपीही उघडली. निकाल? दोन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालं. ज्यांनी ही चाचणी करायची हिंमत दाखवली त्यांना माझा दंडवत. आणि आधी भरून मग तपासणाऱ्यांना एकच प्रश्न, तपासायला एवढी वर्षं का लागली?

मणके सांधायच्या एका प्रथिनाची कथा याहून वाईट. कंपनीच्या पैशानं झालेल्या १३ चाचण्या, ७८० रुग्ण, आणि औषधामुळं झालेला अपाय शून्य. २०११ साली कॅरागी नावाच्या सर्जननं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तीच माहिती पुन्हा उपसली. अपायाचा धोका मूळ दाव्याच्या दहा ते पन्नास पट निघाला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सिनेटच्या समितीनं अहवाल दिला की मेडट्रॉनिक कंपनीनं या अभ्यासांच्या लेखकांना १९९६ ते २०१० या काळात सुमारे २१ कोटी डॉलर दिले. शून्य कसा आला ते कळायला गणित लागत नाही.

आणि ऑपरेशन करूनही पाठ दुखतच राहिली, तर वैद्यकशास्त्रानं तिला नाव काय द्यावं? 'फेल्ड बॅक'. नापास झालेली पाठ! कापणारा पास, यंत्र पास, परिषद पास, आणि नापास कोण, तर पाठ. अनेक वर्षं हे नाव पाठ्यपुस्तकांत मिरवलं. आता कुठं ते बदलायची कुजबुज सुरू झालीय.

ऑपरेशन म्हणजे पाप, असं मी म्हणत नाही. नस खरंच चेपली असेल आणि पाय लुळा पडत चालला असेल तर चांगल्या सर्जनचा हात हे वरदान आहे, आणि असे हात महाराष्ट्रात आहेत. परळच्या केईएममधून अतुल गोयल यांनी मानेच्या पहिल्या दोन मणक्यांना स्क्रू आणि पट्टीनं बांधायची रीत १९९४ साली जगापुढं मांडली. सात वर्षांनी जर्मनीतल्या हार्म्सनं तशीच रीत छापली, आणि जग बराच काळ ती हार्म्सच्याच नावानं ओळखत राहिलं. कौशल्य आपल्याकडं कमी नाही. प्रश्न विचारायची अक्कल कमी आहे, आणि हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहितोय.

प्रश्न म्हणजे काय ते सांगतो. पाठीचं ऑपरेशन यशस्वी झालं की नाही हे मोजायला जगभर एक प्रश्नावली वापरतात, ऑस्वेस्ट्रीची, १९८० सालची. इंग्लंडात जन्मलेली. दहा कलमं. बसण्याच्या कलमात आवडत्या खुर्चीवर किती वेळ बसता येतं, हा विषय. दुसरी एक गाजलेली प्रश्नावली व्हॅक्यूम क्लीनर ढकलता येतो का आणि गोल्फ खेळता येतो का, हे विचारते. ऑस्वेस्ट्रीची मराठी आवृत्ती झाली, २०१३ साली तिच्या अचूकतेची तपासणीही छापून आली. चांगलं काम आहे. पण मराठी केलं म्हणजे कागदाची भाषा बदलली, कागदातलं घर नाही बदललं. उसाच्या चिपाडांनी आणि ताडपत्रीनं उभ्या केलेल्या कोपीत आवडती खुर्ची कुठली? तिथं बसायला पालथं घमेलं असतं.

मावशींच्या दिवसाची प्रश्नावली मी तुम्हाला देतो. पहाटे चारला, कधी त्याआधी उठणं. कमरेतून वाकून बुडख्यावर कोयता घालणं, तेही दिवसभर. मोळी बांधणं. पस्तीस-चाळीस किलोची मोळी झटक्यात डोक्यावर घेणं आणि अरुंद फळीवरून चालत ट्रकवर चढणं. चढताना मान ताठ, गुडघे वाकलेले, फळी हलती. नवरा-बायकोच्या एका कोयत्यानं दिवसाला दोन टन भरायचे म्हटले तर चाळीस किलोच्या पन्नास मोळ्या झाल्या. एक दिवस चुकला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. आता सांगा, या बाईचं ऑपरेशन यशस्वी झालं हे कशावरून ठरवायचं? खुर्चीवरून?

मावशींनी डॉक्टरला एकच प्रश्न विचारला होता: "ऑपरेशन केल्यावर मोळी किती दिवसांनी उचलायची?" डॉक्टर म्हणाले, उचलायचीच नाही. आणि पुढच्या रुग्णाचा नंबर पुकारला.

हा प्रश्न अडाणी नाही. मणक्याच्या शस्त्रक्रियेवर विचारता येईल असा तो सगळ्यांत शास्त्रीय प्रश्न आहे, आणि त्याला उत्तर कुठून मिळणार ते बघा. २००७ साली हॉलंडमध्ये एक उत्तम चाचणी झाली. पायात असह्य कळ येणारे २८३ रुग्ण, अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन, बाकीच्यांना थांबवून गोळ्या-व्यायाम आणि गरज पडलीच तर नंतर ऑपरेशन. वर्षाअखेर दोन्ही गटांतले ९५ टक्के बरे. फरक एवढाच की लगेच ऑपरेशन केलेले साधारण चार आठवड्यांत सावरले आणि थांबलेले बारा आठवड्यांत. निष्कर्ष: घाई नको, वर्षात सगळं सारखंच. हॉलंडमध्ये हे बरोबर आहे. तिथं माणूस आजारी पडला तर मालकाला दोन वर्षांपर्यंत निदान ७० टक्के पगार द्यावा लागतो. बारा आठवडे तो घरी झोपू शकतो.

मावशींचे बारा आठवडे म्हणजे जवळपास अर्धा हंगाम. हंगाम बुडाला की उचल फिटत नाही, उचल फिटली नाही की ती पुढच्या वर्षावर चढते. मग चार आणि बारा यांतला आठ आठवड्यांचा फरक हॉलंडमध्ये नगण्य असेल, बीडमध्ये तो कर्जाचा आकडा आहे. कदाचित तिच्यासाठी लवकर ऑपरेशन हेच बरोबर ठरेल. कदाचित जखम भरायच्या आत मोळी उचलल्यानं तेच सगळ्यांत घातक ठरेल. दोन्ही शक्य आहे. ठरवायचं असेल तर तिच्यासारख्या बायकांवर, तिच्यासारख्या कामात, तिच्या हंगामाच्या हिशेबानं अभ्यास करावा लागतो. हॉलंडचं उत्तर बीडच्या प्रश्नाला चिकटवणं म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा घालून धान्य निवडणं.

यावर विद्वानांचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे: "हे रुग्ण पाठपुराव्याला येत नाहीत." शोधनिबंधांत त्याला 'लॉस्ट टू फॉलोअप' म्हणतात. हरवलेले रुग्ण. हरवले? दसरा झाला की मांजरसुंबा घाटातून ट्रॅक्टर आणि ट्रक भरभरून जातात ते कुठं जातात हे पालीतलं शेंबडं पोर सांगेल. कोणती टोळी कोणत्या कारखान्याला, कोणत्या गावाच्या शिवारात, कुणाच्या फडात, हे मुकादमाच्या खिशातल्या वहीत नावानिशी लिहिलेलं असतं. उचल घेऊन पळालेलं जोडपं तो कर्नाटकातून हुडकून आणतो. त्याच्याजवळ पीएचडी नाही, सॉफ्टवेअर नाही, नैतिकता समितीचं पत्र तर मुळीच नाही. त्याला सापडते ती बाई संशोधकाला का सापडत नाही? कारण मुकादमाचे पैसे तिच्या पाठीवर अडकलेत, संशोधकाचं काहीच अडकलेलं नाही.

आणि या जिल्ह्यात हिशेब न ठेवता कापण्याचा परिणाम काय होतो ते आपण बघून बसलोय. कंबर दुखते, ओटीपोटात दुखतं, अंगावरून पांढरं जातं असं सांगत बायका गेल्या आणि गर्भपिशव्या काढून परत आल्या. २०१९ साली गाजावाजा झाल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. सहाजणींत एक. मोजलं तेव्हा कळलं. तोवर प्रत्येकीला वाटत होतं की दुखणं आपल्या एकटीचं आहे. पिशवी काढूनही ज्यांची कंबर दुखतेच आहे त्या आता मणक्याच्या रांगेत आल्यात, आणि आता त्यांना गॅप सांगितला जातोय. पिशवीनंतर गॅप! एकाच कमरेचं दुखणं दोनदा विकायचं, याला माझ्याकडं दरोडा हा एकच शब्द आहे.

गॅपच्या या एका शब्दाखाली आणखी काय गाडलं जातं? खरोखरचे मज्जासंस्थेचे रोग. दुर्मीळ म्हणून पुस्तकाच्या मागच्या पानांत ढकललेले. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी भागात माणसांचे पाय अचानक लुळे पडू लागले. गियाँ-बारे सिंड्रोम. १९१६ साली वर्णन झालेला रोग, वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा. बघता बघता नोंदी दोनशेच्या वर गेल्या आणि बोट दूषित पाण्याकडं वळलं. पुण्यात रुग्णालयं आहेत, वर्तमानपत्रं आहेत, म्हणून महिन्याभरात बोंब झाली. हा रोग कित्येकदा पाठदुखीनं सुरू होतो, मग पाय जातात, मग हात, मग श्वास. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत मिळाला तर उपयोग जास्त. एखाद्या फडावर हे घडलं, तर पहिले दोन आठवडे गॅपच्या गोळ्या खाण्यात जाणार नाहीत, याची हमी कोण देतो?

फ्लोराइडचंही तेच. नेल्लोरकडं विहिरीच्या पाण्यानं माणसांची पाठ लाकडासारखी ताठ होते, स्नायुबंध हाडासारखे कडक होऊन मज्जारज्जू दाबतात, हे १९३७ सालीच छापून आलंय. बीड जिल्ह्यातल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेबाहेर असल्याच्या सरकारी नोंदी आहेत. पाठ ताठली, पाय जड झाले असं सांगणाऱ्या किती म्हाताऱ्यांना कुणी विचारलं, की बाबा, तुमच्या बोअरचं पाणी कुणी तपासलंय का? आणि सरकारचं २०२१चं दुर्मीळ आजारांचं धोरण स्वतःच कबूल करतं की किती जणांना कोणता आजार आहे याची पुरेशी आकडेवारीच नाही, त्यामुळं दुर्मीळ कशाला म्हणायचं याची व्याख्या करता येत नाही. मोजलं नाही म्हणून दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणून मोजायचं नाही. शहाण्यांचं राज्य!

एवढं वाचलंत तर एक गोष्ट इथंच लक्षात ठेवा, आणि घरच्यांनाही सांगा. कंबरदुखीसोबत लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतली ताकद जाऊ लागली, तर ते दुखणं दुसऱ्या जातीचं. तिथं एक रात्रही थांबायचं नाही, गाडी करून मोठ्या सरकारी रुग्णालयात जायचं. बाकीची बहुतेक कंबरदुखी सहा ते बारा आठवड्यांत उतरते. हे सांगायला फिल्म लागत नाही. हे सांगितल्याचे पैसे मिळत नाहीत, म्हणून कुणी सांगत नाही.

गरिबांच्या पाठीवर चांगलं संशोधन होऊच शकत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला मणक्याच्या टीबीचा इतिहास वाचायला द्या. या रुग्णांना महिनोन्‌महिने खाटेवर झोपवायचे, प्लास्टरच्या कवचात घालायचे. साठच्या दशकात ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं कोरियातल्या मासान आणि पुसानला, ऱ्होडेशियातल्या बुलावायोला, हाँगकाँगला, आणि पुढं आपल्या मद्रासलाही चाचण्या लावल्या. मासानला विचारलं, सहा महिने खाटेवर झोपवल्यानं फायदा होतो का? नाही. पुसानला विचारलं, नऊ महिने प्लास्टर घालून होतो का? नाही. गोळ्या नीट घेतल्या तर माणूस हिंडत-फिरत, काम करत बरा होतो. केवढ्या लोकांच्या खाटा सुटल्या! वाराणसीत तुली यांनी आधी औषध आणि गरज पडली तरच शस्त्र, असा मधला मार्ग घालून दिला. त्या चाचण्यांनी गरिबाच्या तोंडचाच प्रश्न उचलला होता: कामावर कधी जाऊ?

तसाच अभ्यास आज इथं करता येतो. गडचिरोलीत 'सर्च'नं मणक्याचे सर्जन शेखर भोजराज यांना सोबत घेऊन गावोगावच्या पाठदुखीचा अभ्यास केलाय, म्हणजे हे अशक्य नाही हे सिद्ध झालंय. आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय पन्नास वर्षं उभं आहे. नावात 'ग्रामीण' आहे, ते पाटीपुरतं राहू नये. एमएस करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. त्यातला एक प्रबंध मोळीवर लिहा. दसऱ्याआधी टोळ्यांची तपासणी करा, पाडव्याच्या सुमाराला त्या परतल्या की पुन्हा करा. मुकादमाची वही मागून घ्या. मोळीचं वजन वीस किलो केलं, फळीऐवजी भरायचं यंत्र दिलं, तर किती कमरा वाचतात ते मोजा. साखर कारखाने टनाटनाचा हिशेब ठेवतात, त्यांच्याकडून खर्च वसूल करा. सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना ऑपरेशनचं पॅकेज देते, पण नंतरच्या सक्तीच्या विश्रांतीची मजुरी देत नाही. ती द्या, नाहीतर "जड उचलू नये" हे वाक्य रिपोर्टावर छापायचं बंद करा. पाळता येणार नाही हे ठाऊक असताना दिलेला सल्ला ही थट्टा आहे.

मावशींनी ऑपरेशन केलेलं नाही. फिल्म पिशवीत घालून खुंटीला टांगलीय. पट्टा सुनेनं बांधून पाहिला, तिचीही कंबर आता धरते. गोळ्या संपल्या. गेल्या आठवड्यात मुकादम येऊन गेला आणि दोन कोयत्यांची उचल घरात आली. दसरा झाला की गाडी निघेल.